ट्रॅक्टरचा खोकला

सासऱ्यांच्या ट्रॅक्टरला खोकला होता. 'धकधक, धकधक, खॉक्' करत तो विहिरीजवळच्या वळणावर आला, की मालक घरी येतायत हे घरात बसल्या जागी कळायचं. तो खोकला आपण बरा करायचा, असं जावयांनी सासुरवाडीला पोचल्या संध्याकाळीच मनाशी पक्कं केलं. जावई दातांचे डॉक्टर होते.

दातांच्या डॉक्टरांनी दात बघावेत, ट्रॅक्टरच्या वाटेला कशाला जावं, असं कुणालाही वाटेल. पण त्यामागे एक जुनं दुखणं होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी सासऱ्यांनी त्यांना अजून खिजगणतीत धरलेलं नव्हतं. वाईट वागवत होते असं नाही. चहापाणी, 'प्रवास कसा झाला', सगळं यथासांग व्हायचं. पण ज्याला आपल्या हाताने एखादं यंत्र उघडून पुन्हा जोडता येत नाही तो गडी फुकट, असं सासऱ्यांचं ठाम मत होतं. डॉक्टर आपल्या कामाचं काही सांगायला गेले की ते म्हणायचे, "दात काय हो डॉक्टर, वाट बघितली की आपापला पडतो." आणि विषय संपायचा. या माणसाने एकदा, फक्त एकदा, आपल्या पाठीवर थाप मारावी एवढीच डॉक्टरांची इच्छा होती.

यावेळी संधी आपल्या पायांनी चालत आली. सासरे मुक्कामाला थोरल्या भावाकडे गेले आणि ट्रॅक्टर शेडमध्ये एकटा राहिला.

"तू बाबांच्या ट्रॅक्टरला हात लावणार?" डॉक्टरांची बायको हातातला टॉवेल तसाच धरून म्हणाली. "अरे, ते आम्हाला तो पुसूसुद्धा देत नाहीत."

"मी सगळा अभ्यास केलाय. इंजेक्टरचा दोष आहे. डिझेलचा फवारा नीट उडत नाही, म्हणून तो खोकतो. तिन्ही इंजेक्टर काढायचे, तपासायचे, परत बसवायचे. दाढेपेक्षा सोपं आहे."

"दाढ बिघडली तर पेशंट दुसऱ्या डॉक्टरकडे जातो. हे बिघडलं तर मला माहेर बंद होईल, त्याचं काय?"

सासूबाई कणीक मळता मळता थांबल्या. "राहू द्या ना हो जावईबापू. मला तर बाई तो खोकला आवडतो."

डॉक्टरांना अगदी भरून आलं. काय ही माउली! आयुष्यभर खोकणाऱ्या ट्रॅक्टरशी संसार केला आणि तोंडातून तक्रारीचा शब्द नाही. आता तर माघार घेणं शक्यच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर शेडमध्ये शिरले ते कपाळाला दिवा बांधून आणि हातात रबरी मोजे चढवूनच. आपली हत्यारांची पेटी ते सासुरवाडीलाही सोबत नेत. त्यांनी स्वच्छ फडकं अंथरलं, त्यावर नट खोलायचे पाने आणि आपली हत्यारं ओळीने मांडली आणि बॉनेट उघडून इंजिनाकडे अशा काही नजरेने पाहिलं, की बायकोला वाटलं आता 'आ करा' म्हणतायत.

डिझेलच्या नळ्या सुटल्या. प्रत्येक नळीला त्यांनी चिकटपट्टी लावून नंबर घातला. पहिला इंजेक्टर निघाला, दुसरा निघाला, तिसरा मात्र हटून बसला. डॉक्टरांनी त्याच्या बुडाशी तेल सोडलं, थोडं थांबले, मग डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे असे हलके हलके झोके देत त्याला ढिलं केलं. "झालं हं, झालं. थोडासा दाब जाणवेल," असं ते सवयीने पुटपुटत होते.

"तो ऐकतोय का?" बायकोने विचारलं.

"तू ऐकतेयस तेवढं पुरे."

तिन्ही इंजेक्टर टॉवेलात गुंडाळून ते बाजारपेठेतल्या, डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्या पंपवाल्याकडे घेऊन गेले. पंपवाल्याने एकेक इंजेक्टर यंत्रावर चढवून दांडा दाबला. तिन्हींतून धुक्यासारखा बारीक फवारा उडाला. "ठणठणीत आहेत," तो म्हणाला, "उगाच काढलेत." आणि बुडाशी घालायला तांब्याचे नवे वायसर, म्हणजे चपट्या कड्या, देऊन त्याने यांना वाटेला लावलं.

आता मात्र डॉक्टर पेचात पडले. इंजेक्टर ठणठणीत, मग खोकला कुठला? विचार करत त्यांनी दात बघायचा छोटा आरसा तिसऱ्या भोकात घातला, कपाळावरचा दिवा नीट केला आणि त्यांचे डोळेच चमकले. तळाशी तांब्याची एक कडी चिकटून बसली होती. इंजेक्टरच्या बुडाला प्रत्येकी एकच वायसर असतो आणि तो तर इंजेक्टरबरोबर निघून आला होता. म्हणजे हा जादाचा दुसरा. कुणीतरी जुना न काढताच त्यावर नवा ठेवला असणार. त्यामुळे हा इंजेक्टर इतकी वर्षं जागेपेक्षा उंच बसला होता आणि त्याचा फवारा भलतीकडेच जात होता.

"मुळाचा तुकडा आत राहिलाय!" डॉक्टर ओरडले.

त्यांनी पेटीतलं आकडीचं हत्यार घेतलं आणि श्वास रोखून ती कडी कडेकडेने सोडवली. ती बाहेर आली तेव्हा त्यांनी ती दिव्यासमोर धरली. पदवी घेतानाही त्यांचा चेहरा एवढा उजळला नव्हता. सासऱ्यांना दाखवायला म्हणून त्यांनी ती कडी शर्टाच्या खिशात जपून ठेवली.

सगळं परत बसलं, पण ट्रॅक्टर सुरू होईना. नळ्यांत हवा धरली होती. ती काढायला डॉक्टरांनी इंजेक्टरवरची चाकी, म्हणजे नळीचा नट, सैल केली आणि बायकोला सीटवर चढवून म्हणाले, "मार सेल्फ!" इंजिन घरघरलं. डॉक्टर हवा सुटते का ते बघायला वाकले. हवा सुटली, मागोमाग डिझेल सुटलं, आणि रोज दहा माणसांना चूळ भरायला सांगणाऱ्या डॉक्टरांच्या तोंडावर इंजिनाने झकास चूळ टाकली.

"आता तोंड धुऊन घ्या," वरून बायको म्हणाली.

पण ट्रॅक्टर सुरू झाला. आणि काय सुरू झाला! ना ठेच, ना धूर, ना खोकला. एकसारखा गोड आवाज. डॉक्टर डिझेलने थबथबलेल्या चेहऱ्याने नुसते ऐकत उभे राहिले. सासूबाई दारात येऊन म्हणाल्या, "छान झाला हो." पण त्यांचा आवाज तेवढा छान नव्हता, हे डॉक्टरांच्या लक्षात आलं नाही.

सासरे दुसऱ्या दिवशी परतले. त्यांनी ट्रॅक्टर सुरू केला आणि कान देऊन ऐकला. डॉक्टर पाठ ताठ करून शेजारीच उभे होते, म्हणजे थाप मारायला सोपं जावं. सासऱ्यांनी एकदा इंजिनाकडे पाहिलं, एकदा जावयाकडे पाहिलं, "हं" म्हणाले आणि ट्रॅक्टर घेऊन लांबच्या शेतावर निघून गेले.

आता इथे मावशीचं सांगायला हवं. मावशी म्हणजे सासूबाईंची पाठची बहीण. फार वर्षांपूर्वी ती पाहुणी म्हणून आली असताना अंगणात सगळ्यांसमोर म्हणाली होती, "भावजी, हे धूड भंगारात द्या आणि एखादी माणसासारखी गाडी घ्या." बायकोच्या माहेरचं सासऱ्यांनी आजवर सगळं ऐकून घेतलं होतं, पण ट्रॅक्टरला धूड म्हटलेलं त्यांच्या काळजाला लागलं. "या घरात हिचं नाव काढायचं नाही," असं त्यांनी तिथल्या तिथे, चारचौघांत जाहीर केलं. तेव्हापासून कुणी नाव काढलं नव्हतं. सासूबाई रोज संध्याकाळी नाव न काढता तिच्याशी फोनवर बोलायच्या, आणि वळणावर 'खॉक्' झालं की फोन पिठाच्या डब्यामागे जायचा.

त्या संध्याकाळी वळणावर खॉक् झालंच नाही. ट्रॅक्टरचा आवाज आला, पण तसले गुळगुळीत आवाज रस्त्यावरून दिवसभर येत-जातच असतात. हात पिठात होते म्हणून सासूबाईंनी फोन ओट्यावर ठेवून मोठ्या आवाजावर लावला होता, आणि मावशीच्या कुठल्याशा गोष्टीवर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होत्या. हसता हसता त्यांनी वर पाहिलं, तर दारात सासरे.

"राँग नंबर आहे हो!" सासूबाई फोनवर ओरडल्या.

"कोण राँग नंबर?" फोनमधून खणखणीत आवाज आला. "अगं ताई, मी काय सांगतेय, ऐक तर!"

सासरे आल्या पावली वळले आणि शेडकडे चालू लागले. सासूबाई पिठाच्या हातांनी तशाच खाली बसल्या.

"झालं समाधान?" बायको डॉक्टरांवर उखडली. "चांगला खोकत होता तो! आईचा सगळा आधार त्या खोकल्यावर होता. कुणी सांगितलं होतं बरा करायला?"

"मला काय माहीत? मला कुणी काही सांगायचं तरी!"

"सगळं सांगावं लागतं का?"

डॉक्टरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. थाप मिळवायला निघाले आणि सासूबाईंचं हसू घालवून बसले. काय व्हायचं ते होवो, दोष आपल्या डोक्यावर घ्यायचा, असं ठरवून ते शेडमध्ये गेले. बघतात तो बॉनेट उघडं, तिसरा इंजेक्टर काढून ठेवलेला, आणि सासरे त्याच्या भोकात हातातल्या बॅटरीचा उजेड पाडून काहीतरी शोधतायत.

"डॉक्टर," सासरे मान वर न करता म्हणाले, "इथे दुसरा एक वायसर होता. कुठाय?"

"तुम्हाला तो माहीत होता?"

"मीच घातला होता."

"पण बाबा, त्याने तर इंजिन..."

"खोकतं. खोकावं म्हणूनच घातला." सासऱ्यांनी हातातलं फडकं उगाचच पिळलं. "एकदा असाच अवचित घरी आलो. ही बहिणीशी फोनवर बोलत होती. हसत होती. तिला तसं हसताना मी किती दिवसांत ऐकलं नव्हतं. मी दारात दिसलो आणि हसू गेलं. फोन पदराखाली. त्या रात्री मला घास गिळला नाही."

"मग त्यांना सांगायचं ना, बोल म्हणून."

"चारचौघांत बोलून बसलोय. आता कुठल्या तोंडाने मागे घेऊ? म्हटलं, मला नाही बोलता येत, तर ट्रॅक्टरने खोकावं. तेवढ्यात तिला फोन ठेवता येतो."

डॉक्टरांनी खिशातून ती तांब्याची कडी काढून सासऱ्यांच्या तळहातावर ठेवली. "आईंना हे माहीत आहे?"

"वेडा आहेस का तू?" सासरे म्हणाले.

मग दोघांनी मिळून ती कडी शेडमधल्या जुन्या स्टोव्हवर लाल होईपर्यंत तापवली आणि पाण्यात टाकून मऊ करून घेतली. मग ती तिसऱ्या भोकाच्या तळाशी परत ठेवली. इंजेक्टर बसवायची वेळ आली तेव्हा सासऱ्यांनी बॅटरी आपल्या हातात ठेवली आणि पाना जावयाच्या पुढे केला. "तू कस. तुझा हात हलका आहे." डॉक्टरांनी चाक्या जपून कसल्या, हवा काढली, आणि यावेळी तोंड बाजूला ठेवलं. ट्रॅक्टर सुरू झाला. 'धकधक, धकधक, खॉक्!' सासऱ्यांनी आपला काळा, तेलकट पंजा उचलला आणि डॉक्टरांच्या पांढऱ्या शर्टावर, बरोबर पाठीच्या मधोमध, अशी थाप मारली की ते पुढे हेलपाटले. तो शर्ट डॉक्टरांनी नंतर कधी धुवायला टाकला नाही.

दुसऱ्या संध्याकाळी डॉक्टर स्वयंपाकघरात चहा घेत बसले होते. सासूबाई ओट्याशी उभ्या राहून दबक्या आवाजात फोनवर बोलत होत्या. आधी जरा जपून, मग थोड्या सैलावून. वळणावर खॉक् झालं. "ठेवते गं," सासूबाई म्हणाल्या, पण फोन काही ठेवला नाही. डॉक्टरांनी खिडकीतून पाहिलं. ट्रॅक्टर वळणावर क्षणभर थांबला, मग मागे फिरून रिकाम्या शेताला आणखी एक चक्कर मारायला निघाला. सासूबाईंनी मावशीची उरलेली गोष्ट नीट ऐकून घेतली, पोटभर हसल्या, फोन पिठाच्या डब्यामागे सरकवला आणि सासऱ्यांच्या चहाचं आधण ठेवलं.

मग जावयाच्या कपात आणखी थोडा चहा ओतत, खिडकीबाहेर बघत, त्या हळूच म्हणाल्या, "जावईबापू, तो दुसरा वायसर घट्ट बसवलात ना हो?"