नानांचा मानाचा टॅग

पिंप्राळ्यातल्या आमच्या ऑफिसात भास्करनाना वेबसाइटच्या पानाला हात लावण्याआधी चपला काढतात. मग डोळे मिटून सेव्ह दाबतात आणि एकच डोळा उघडून काय झालं ते बघतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हा माणूस आता नारळही फोडणार.

नानांना भीती एकाच गोष्टीची, पानावर काहीतरी ‘कच्चं’ जाईल. साठवलेली माहिती जशीच्या तशी छापणं म्हणजे पाहुण्यांसमोर बनियनवर येणं. म्हणून तारखेसाठी, फोनसाठी, कशासाठीही ते स्वतःचा टॅग, म्हणजे माहिती नीटनेटकी करून पानावर आणणारा छोटासा कोड, बनवतात. "भाऊ, कपडा घाल्याबिगर कोनलेच पानवर आनू नका," हे मी रोज ऐकतो.

आमच्याच समाजातल्या कुटुंबांच्या माहितीची वेबसाइट आमच्याकडे आली तेव्हा त्यांनी ‘मान’ नावाचा टॅग लिहिला. पानाच्या साच्यात नावाच्या जागी तो ठेवायचा. तो त्या माणसाची माहिती बघून नावाआधी आपोआप चि., श्री., सौ. किंवा कै. लावणार.

त्या ‘कै.’ने नानांची झोप उडवली. "जित्ता मानूसले कै. लागनं ते लोक आपले जित्ता सोडतीन का?" मी हसायचो. टॅग तपासायला ते दरवेळी माझ्याच घराचं पान उघडत. तुमचं उघडा म्हटलं की चहाला जात. उद्घाटन जवळ आलं तशी त्यांची भीती मलाही लागली. त्यात जामनेरची माहिती शेवटच्या दिवशी आली, ती तपासायला वेळच उरला नाही.

उद्घाटन धुळ्याला, देवपूरच्या एका सभागृहात. पुढच्या रांगेत जामनेरची ज्येष्ठ मंडळी. अध्यक्ष जामनेरचे आबा. त्यांनी आधी स्वतःचं घर दाखवायला सांगितलं. पडद्यावर उमटलं, ‘कै. यादवराव’, आणि खाली, ‘मृत्यू: देवाच्या कृपेने अजून नाही.’

जिवंत माणसापुढे मृत्यूच्या तारखेचा रकाना मोकळा सोडायचा कसा, म्हणून जामनेरच्या सुनांनी तिथे ‘नाही’, ‘देव करो न होवो’ असं काहीबाही भरलं होतं. आणि रकान्यात काहीही दिसलं की नानांचा टॅग कै. लावत होता. मी जामनेरची बाकीची घरं उघडली तर पुढची अख्खी रांग ‘कै.’ झालेली. मागे खुर्च्या वाजल्या. आबा उठून उभे राहिले.

नाना चपला काढून लॅपटॉपपाशी आले. टॅगमध्ये त्यांनी अट घातली, खरीखुरी तारीख असेल तरच कै. लावायचं. डोळे मिटून सेव्ह केलं. मी पान पुन्हा उघडलं आणि आबा श्री. झाले. सभागृहात हशा पिकला, माझा जीव भांड्यात पडला.

"आता नानांचं घर दाखवा," आबा म्हणाले.

"नको," नाना म्हणाले. पण तोवर मी उघडलं होतं. ‘श्री. भास्कर.’ त्याखाली ‘सौ. इंदू.’

इंदूवहिनी मागच्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या दिवशी, वारल्या, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. हसणं थांबलं. त्यांच्या रकान्यात नानांनी तारखेऐवजी लिहिलं होतं, ‘नंतर भरतो.’ मघापर्यंत त्यालाही चुकून कै. लागत होतं. आता टॅग सुधारला होता आणि वहिनी परत आल्या होत्या.

"ती तारीख टाइप कराले बसनू का हात गार पडतस," नाना माझ्याकडे न बघता म्हणाले. "माले भिती वाटस भाऊ. एकदाव भरी टाकी का मंग ती खरी व्हई जाई."

मला फार वाईट वाटलं. मी पान बंद करायला गेलो, तर आबांनी माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "आज त्यानी आमनी बठ्ठी रांग जित्ती करी. वहिनीबी ऱ्हाऊ दे."

कार्यक्रम पुढे सुरू झाला. नाना मात्र पडद्यासमोर अनवाणीच उभे होते, दोन्ही डोळे उघडे ठेवून.