ऋणनिर्देशाचे एकच पान

ज्ञान अथांग असते आणि वाचणाऱ्याला वेळ थोडा असतो. म्हणून उच्च शिक्षणाने फार विचारपूर्वक अशी सोय केली आहे की प्रबंध कितीही जाड असो, त्यातले वाचायचे पान एकच असावे. त्या पानाला ऋणनिर्देश म्हणतात. ज्यांनी मदत केली त्यांचे आभार त्यावर मानायचे असतात, असा एक गैरसमज नव्या विद्यार्थ्यांत आढळतो. (तो पहिल्या कच्च्या प्रतीतच दूर केला जातो.)

प्रीतीचा एम.फिल.चा लघुप्रबंध दोनशे चौदा पानांचा होता. विषय, 'शेतमजूर स्त्रियांचे न मोजलेले श्रम'. कोल्हापुराभोवतीच्या चार गावांत एकशे सव्वीस बायकांना भेटून तिने अडतीस तक्ते तयार केले होते. कोण किती वाजता उठते, किती घागरी पाणी आणते, आणि 'तुम्ही काम काय करता?' या प्रश्नाला 'काय न्हाय, घरीच असतो की' असे किती जणी म्हणतात. एकशे एकोणीस म्हणाल्या. उरलेल्या सात जणींना प्रश्न ऐकायला सवड नव्हती.

या संशोधनकाळात प्रीतीची मुलगी श्रुती सहा महिन्यांची होती ती अडीच वर्षांची झाली. दात आले, बोलणे आले, गोवर येऊन गेला. प्रीती ग्रंथालयात बसे, पण दर तासाला उठून समोरच्या एसटीडी बूथवरून शेजारच्या तानाबाईंकडे फोन लावी, "पोरीचं अंग गरम हाय का जरा बघून येता?" तानाबाई बघून येत. अंग कधीच गरम नसे. फक्त ज्या दिवशी बूथ बंद होता त्या दिवशी ताप एकशे तीन होता.

पोर सांभाळली ती सासूबाईंनी. सरुबाईंची पंचवीस वर्षे दुसऱ्यांच्या शेतातले तण काढत, भांगलणीत गेली होती. नातीसाठी त्यांनी ते काम सोडले आणि सुनेला एकच अट घातली. "तुज्या त्या बुकात माझं नाव छापून आण. दुसरं कायबी नगं मला." एवढे बोलून त्या थांबल्या नाहीत, त्यांनी ते सगळ्या गल्लीला सांगून ठेवले. त्यामुळे अट सुटणे अवघड झाले.

प्रीतीचे मार्गदर्शक डॉ. इंगवले. प्रकरण आणून दिले की सर ते तळहातावर तोलत आणि म्हणत, "अजून थोडं वाढवा." चौथ्या प्रकरणात टंकलेखन करणाऱ्या सम्मेदने 'लाईट गेली, इथनं पुढचं उद्या' असे लिहून ठेवले होते. ती ओळ अंतिम प्रतीतही कायम आहे. खाली सरांची सही आणि 'पाहिले' असा शेरा आहे.

सत्राखेरीस संशोधनाला वेग येतो. २००३ सालच्या त्या एप्रिलात प्रीतीने केलेले संशोधन असे: पदवीच्या परीक्षेला नऊ दिवस पर्यवेक्षण, सरांनी तपासलेल्या दोनशे चाळीस उत्तरपत्रिकांची बेरीज (त्यांपैकी साठ सरांनी तपासलेल्याही नव्हत्या), सत्रभराचे हजेरीपत्रक एका बैठकीत भरणे, ज्यात पंचाहत्तर टक्क्यांची अट असल्याने सर्व विद्यार्थी अठ्ठ्याहत्तर टक्के हजर निघाले, त्यात लग्न होऊन पुण्याला गेलेली एक मुलगीही होती, आणि सरांच्या कन्येच्या सात फायलींना ब्राऊन पेपर. तक्ता क्रमांक एकोणचाळीस होऊ शकला असता. पण सुचवायला धीर झाला नाही.

मग ऋणनिर्देश. हे पान सरांनी सहा वेळा परत केले, तेही लाल शाईने. विशेषणांचे काही संकेत असतात. मार्गदर्शकाला चार, विभागप्रमुखांना तीन, प्राचार्यांना तीन, संस्थेच्या अध्यक्षांना पाच. विभागप्रमुख आणि इंगवले सर एकमेकांशी बोलत नसत, एकमेकांची विशेषणे मात्र मोजत. पहिल्या प्रतीत प्रीतीने दोघांनाही 'ऋषितुल्य' म्हटले होते. त्या विभागात ऋषीची एकच जागा मंजूर असल्याने प्रकरण तीन आठवडे अडकले. शेवटी विभागप्रमुख 'व्यासंगी' झाले. सरांच्या पत्नीचीही एक ओळ होती, 'मातृवत् प्रेमाने वेळोवेळी चहा देणाऱ्या'. (दोन वर्षांत एकदा. सरांना साखर चालत नाही म्हणून बिनसाखरेचा.) नियमानुसार हे सगळे एका पानात मावले पाहिजे. तळाशी मावली होती सरुबाईंची दीड ओळ, आणि तिच्याखाली पारंपरिक ओळ: 'ज्ञात-अज्ञात सर्वांचे आभार'.

तीस एप्रिल, संध्याकाळी पाच, ही शेवटची मुदत होती. चुकली की नोंदणी रद्द. बांधणीवाल्याने प्रबंध शिवला होता आणि ऋणनिर्देशापुरती जागा सोडली होती; ते पान शेवटीच चिकटवायचे, हे शहरातले बांधणीवाले अनुभवाने शिकले आहेत. साडेतीनला प्रीती सरांच्या खोलीत उभी होती. सरांनी पेनाचे टोपण काढले, तेवढ्यात शिपाई केरबा आत आला.

"सर, संस्थेचं सचिव बदललं. बाळासो आलं."

सरांनी टोपण परत लावले. "ऐकलंत ना? घाला नाव. 'दूरदृष्टीचे' लावा, नवीन आहेत."

"सर, पान भरलंय."

"मग काढा की काहीतरी." सरांचे बोट पान उतरत तळाशी आले. "ह्या सरुबाई कोण? ग्रंथालयातल्या काय?"

"नाही सर. माझ्या सासूबाई. श्रुतीला दोन वर्षं त्यांनीच..."

"मग घरातल्याच की! घरच्या माणसाचे कुठं आभार मानतात? परकं वाटतं त्यांना."

प्रीतीच्या तोंडून निघून गेले, "सर, मॅडम पण घरातल्याच की."

"माझ्या घरातल्या," सर शांतपणे म्हणाले. "तुमच्या न्हवेत." त्यात खोट काढण्यासारखे काही नव्हते. "आणि सासूबाईंना बाहेर कोण काढतंय? खाली 'ज्ञात-अज्ञात' आहे. त्यात सगळे बसतात."

"बसतंय, मॅडम," केरबाने दुजोरा दिला. "मी सात वर्सं तितंच हुतो. एकदा एक फाईल गावंना झाली, ती माझ्याकडंच गावली, तवापास्नं नावानं येतोय."

प्रीतीने घड्याळ पाहिले. सरुबाईंकडे एकही फाईल नव्हती.

राजारामपुरीत सम्मेदने पान संगणकावर उघडले. "ताई, ही ओळ राहू दे की. सगळ्या पानात एवढीच खरी वाटत्या."

"काढ," प्रीती म्हणाली. आणि 'दूरदृष्टीचे' मधला दू दीर्घ आहे का ते तिने दोनदा तपासले.

पाचला वीस मिनिटे असताना सही झाली. सरांनी पान पुन्हा एकदा वरून खाली वाचले आणि म्हणाले, "आता प्रबंधाला वजन आलं."

पान चिकटवून एक प्रत मुदतीत जमा झाली. दुसरी घेऊन ऊन कलताना ती घरी पोचली तेव्हा दारात तानाबाईंसह पाच बायका बसल्या होत्या. श्रुती धावत आली आणि आईच्या नव्हे, आजीच्या पायांना बिलगली. सरुबाईंनी हात धुतले, पदराला पुसले आणि काळ्या रेक्झिनचा तो ग्रंथ दोन्ही हातांनी घेतला.

"कुठं हाय गं?"

प्रीतीने पान उघडले, शेवटच्या ओळीवर बोट ठेवले आणि नजर श्रुतीकडे वळवली. सून बोट ठेवील तेवढ्यावर म्हातारी समाधान मानील असा तिचा हिशेब होता. पण साक्षरता वर्गाची मोहीम आली तेव्हा सरुबाई आठ महिने वर्गाला बसल्या होत्या. वर्ग जोडाक्षरांपर्यंत पोचला आणि मग गल्ली संपूर्ण साक्षर झाल्याचे जाहीर होऊन बंद पडला. तेवढे त्यांना पुरले.

"ज्ञा... त. अ... ज्ञा... त." त्यांनी मान वर केली. आवाजात राग नव्हता, नुसती चौकशी होती. "ह्यातली मी कंची?"

याचे उत्तर दोनशे चौदा पानांत सापडत नाही. एकशे सव्वीस जणींना प्रश्न विचारणारीने वाकून श्रुतीचे अंग गरम आहे का ते पाहिले, आणि बायका एकेक करून उठून गेल्या. पदवी मात्र रीतसर मिळाली.

वाचक सुशिक्षित आहेत. आपल्या कपाटातही अशी एखादी काळी, सोनेरी अक्षरांची वही असेल. सवडीने काढावी आणि त्या वर्षांत आपला डबा जिने भरला तिचे नाव कितव्या ओळीत आहे ते पाहावे. 'आईवडिलांचे आशीर्वाद' असे लिहिलेले असल्यास ते नाव धरले जाणार नाही.