'एकाग्रता व' भालूकाका

आमच्या बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या इमारतीच्या जिन्यापाशी एक पाटी होती. निळ्या पत्र्यावर पांढऱ्या ठळक अक्षरांत लिहिलेलं : 'एकाग्रता व'. बस, एवढंच. नवखा माणूस तिथे थांबून विचारात पडे. एकाग्रता व काय? व शांती? व आरोग्य? व फोटो फ्रेमिंग?

खरं तर तिथे 'एकाग्रता वर्ग' असं यायचं होतं. वर्गाचे संस्थापक, संचालक आणि एकमेव शिक्षक भालचंद्र फणसे, म्हणजे आमचे भालूकाका, पाटी स्वतःच रंगवत होते. 'व' काढून झाला आणि रस्त्यावरून क्रेन गेली. एवढं धूड रावपुऱ्याच्या वळणावर वळणार कसं, हे बघायला काका ब्रश हातात घेऊनच गेले. दुपारी परतले तोवर क्रेनचा ड्रायव्हर त्यांचा मित्र झाला होता आणि ब्रशचा दगड.

"हमणांच पुरी करतो," काका म्हणाले.

हमणां म्हणजे गुजरातीत आत्ता. काकांच्या बोलीत त्याचा अर्थ 'याच जन्मी' एवढाच होता, आणि तोही खात्रीचा नव्हता.

लक्ष लागत नाही अशा मुलांना लक्ष लावायला शिकवण्याचं काम ज्या माणसाने पत्करलं, त्याचं स्वतःचं लक्ष हे असं. पण बडोद्यात तेव्हा कुणीही कसलाही वर्ग काढत होतं. इंग्रजी बोलण्याचे वर्ग, कॉम्प्युटरचे वर्ग, व्यक्तिमत्त्व विकासाचे वर्ग. देशाने दारं उघडली होती आणि आत शिरणाऱ्या प्रत्येक धंद्याला काकांनी "आवो, आवो" म्हटलं होतं. एसटीडी बूथ काढला. पण समोरच्या गॅरेजमध्ये गाडीचं इंजिन उघडलं की काका तिकडे, आणि गिऱ्हाइकं न्यूजर्सीतल्या नातेवाइकांशी बिनदिक्कत बोलून घरी. पाणी शुद्ध करायची यंत्रं विकली. ती दाखवायला एकदा छाणीला निघाले आणि पोचल्यावर आठवलं की यंत्र बसमध्ये राहिलं. एवढ्या अनुभवानंतर माणसाने एकाग्रता शिकवू नये तर काय करावं?

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायची. नोकरीवर जाताना रोज काकांची एक तरी करामत बघायला मिळे, त्यासाठी वेगळं केबल कनेक्शन घ्यायची गरज नव्हती. काका चपला गॅसच्या शेगडीजवळ ठेवत. त्यामागे तत्त्वज्ञान होतं. "हे बघ माधवी, चपलांशिवाय मी बाहेर जाणार नाही. चपला घ्यायला गॅसपाशी जावंच लागणार. मग गॅस बंद आहे का ते दिसणार." विचार बिनतोड होता. फक्त काका अनेकदा अनवाणीच बाहेर पडत.

किल्ल्या गळ्यात, नाडीला बांधलेल्या. चष्म्याला दोरी. गजराची घड्याळं घरभर. एखादं वाजलं की काका कौतुकाने ऐकत उभे राहत. "वाजलं! बरोबर वाजलं! कशासाठी लावलं होतं बरं?"

"काका, हे सगळं कशाला? जरा लक्ष ठेवलंत तर?" मी एकदा म्हटलं.

"लक्ष ठेव म्हणणारे लोक मला फार आवडतात," काका म्हणाले. "पांगळ्याला चाल म्हणणाऱ्यांच्या जातीचे असतात. अगं, माझं डोकं म्हणजे जुना भाडेकरू. समजावून ऐकत नाही. त्याच्याकडून काम काढायचं तर दारातच जाऊन बसावं लागतं."

वर्गातही हीच भाडेकरूनीती. मुलांनी बसायचंच नाही. पाढे गच्चीवर फेऱ्या मारत म्हणायचे. कविता चेंडू आपटत पाठ करायची. गणितं खिडकीच्या कट्ट्यावर वही ठेवून उभ्याने करायची. थोडा वेळ झाला की काका देवघरातली घंटा बडवत, आणि सगळी फौज जिने उतरून पुन्हा चढून येई. खालच्या मजल्यावरच्या वकिलांनी तक्रार केली, तेव्हा काकांनी त्यांनाही फेरीत सामील व्हायचं आमंत्रण दिलं.

रस्त्याकडे मुलांचं लक्ष जाऊ नये म्हणून त्यांनी खिडकीच्या काचांना वर्तमानपत्रं चिकटवली. मुलं गणितं करू लागली आणि काका खिडकीशी उभे राहून वर्तमानपत्र वाचू लागले. मग ती काढून उलटी चिकटवली. पंधरवड्यात काकांना उलटं वाचता यायला लागलं.

गंमत अशी, की मुलं टिकत. त्या पोरांना दुसरीकडे कुठे कुणी उभं करत नसे. किंवा खरं सांगायचं तर दुसरीकडे त्यांना नुसतंच उभं करत, वर्गाबाहेर. काका मारत नसत, ओरडत नसत. एखाद्याने वही हरवली तर म्हणत, "अरे वा! मीही हरवली होती. चल, दोघं मिळून शोधू." शोधायला निघत आणि दुसरंच काहीतरी घेऊन परत येत.

अशातच एक दिवस हीनाबेन आपल्या मुलीला घेऊन आल्या. हीनाबेन रावपुऱ्यातच वाढलेल्या, त्यामुळे मराठी झकास, फक्त शेपटीला गुजराती. मुलगी रिद्धी, चौथीत. आल्या आल्या रिद्धीने खुर्ची उलटी केली, घंटा वाजवली, आणि भिंतीवरच्या पालीला नाव ठेवलं.

"काका, डॉक्टरांना दाखवलं," हीनाबेन म्हणाल्या. "त्यांनी सांगितलं, हा एक आजारच आहे, लक्ष न टिकण्याचा. गोळ्या दिल्या. पण हिची भूक गेली, झोप गेली. मग डॉक्टरांनीच बंद केल्या. म्हणाले, सध्या दुसऱ्या रीतीने करू. खेळ, झोप वेळेवर, काम थोडं थोडं करून. शिकवणारा धीराचा पाहिजे. तुमच्यात बसवाल ने हिला?"

मला वाटलं, आता काका औषधांवर व्याख्यान देणार. बडोद्यात प्रत्येक काकाला औषधांवर मत असतं. पण ते म्हणाले, "गोळ्यांचं डॉक्टर बघतील, तो त्यांचा प्रांत. तुम्ही त्यांच्याकडे जाणं सोडू नका. मला फक्त युक्त्या येतात." मग रिद्धीकडे वळून : "पालीचं नाव काय ठेवलंस?"

"इलाबेन."

"छान. इलाबेन माशी पकडेपर्यंत आपण दोन गणितं करू. बघू कोण आधी."

इलाबेन जिंकल्या, पण रिद्धीचं एक गणित झालं होतं. शाळेत महिन्याभरात झालं नव्हतं तेवढं.

काकांनी तिच्यासाठी कागदाच्या घड्या घालण्याची युक्ती काढली. पान घडी घालून द्यायचं, एका वेळी एकच प्रश्न दिसेल असं. तो झाला की पुढची घडी उघडायची. रिद्धीला ते भेटवस्तू उघडल्यासारखं वाटे. तरीही कधी संध्याकाळ अख्खी फुकट जाई. पेन्सिल फेकली जाई, काकांच्या पायाशी बसून पोर रडे. काका तिच्यासमोर तसेच फरशीवर बसत आणि स्वतःच्या फजित्या सांगत. फजित्यांचा साठा अफाट होता.

मग वार्षिक परीक्षा आली, आणि शाळेने निरोप धाडला : मुलगी पेपरला बसून राहत नाही, इतरांना त्रास होतो, दुसरी शाळा बघा. हीनाबेन हादरल्या. काकांनी मुख्याध्यापिकाबाईंना भेटायचं ठरवलं. आता प्रश्न असा होता की काका शाळेपर्यंत पोचणार कसे? शाळा आणि आमची इमारत यांच्यामध्ये बडोद्याचा अख्खा बाजार होता. हीनाबेननी मला गळ घातली, "माधवीबेन, तुम्ही स्कूटरवर घेऊन या ने त्यांना. नाहीतर ते सांजेला भरूचला निघतील."

काका स्कूटरवर मागे बसले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

"काका, झोप येतेय?"

"नाही. मला काही दिसता कामा नये. तू नीट चालव. बँड दिसला तर सांगू नकोस."

भर बाजारातून डोळे गच्च मिटलेला एक म्हातारा मी नेत होते. ओळखीचे दोघे-तिघे हळहळले. एकाने सिग्नलला विचारलं, "मोतीबिंदू?" काका डोळे न उघडता म्हणाले, "खबरदारी."

आम्ही वेळेच्या आधी पोचलो. काकांच्या आयुष्यात असं काही घडल्याचं निदान माझ्या ऐकिवात नव्हतं.

मुख्याध्यापिकाबाई वाईट नव्हत्या, थकलेल्या होत्या. हीनाबेनही येऊन बसल्या होत्या. काकांनी मागणं मांडलं : रिद्धीला खिडकीपासून लांब बसवा, पेपरला घड्या घालू द्या, मध्ये एकदा पाणी प्यायला उठू द्या. बाईंनी नकाराची मान हलवली.

"प्रत्येकाचे असे लाड केले तर शाळा चालेल? आणि हे काही आजारबिजार नाही. आ छोकरी जाणीजोईने करे छे."

जाणीजोईने. मुद्दाम.

एरवी गरीब गाईसारख्या वाटणाऱ्या हीनाबेन एकदम पुढे सरकल्या. "नाही मॅडम. डॉक्टरांनी मला बसवून समजावलंय. तिला ऐकायचं असतं. पण मधेच दुसरं काही आलं की हातातलं सुटतं, आणि सुटल्याचं तिला कळतही नाही. कळतं तेव्हा सगळ्यांच्या आधी तीच रडते. तिला आमची पर्वा नाही असं नाही. पर्वा असते. पण पर्वा असणं आणि ध्यानात राहणं या तिच्याकडे दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

कुणाचंही बोलणं दोन वाक्यांपलीकडे न ऐकणारे भालूकाका हे सगळं ऐकत होते. बाहेर मैदानात कवायतीचा ढोल वाजत होता. काकांनी मान वळवली नाही.

"हीनाबेन," ते हळूच म्हणाले, "हे मोठ्या माणसांनाही असतं?"

"असतं म्हणाले डॉक्टर. लहानपणी कुणी ओळखलं नाही, तर माणूस तसाच मोठा होतो."

काका गळ्यातल्या किल्ल्या चाचपत राहिले. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, तेव्हा ते भानावर आले.

"मॅडम, मुद्दाम करणारं पोर एका शिक्षेत शहाणं होतं. हिला तुम्ही आजवर पुष्कळ शिक्षा केल्या असतील. उपयोग झाला?"

बाईंनी समोरची वही मिटली. मग म्हणाल्या, "ही एक परीक्षा. घड्या घाला. बघू."

रिद्धी पास झाली. पहिलीबिहिली आली नाही, पण सगळे पेपर तिने पुरे लिहिले आणि शाळेतच राहिली. डॉक्टरांकडे जाणंही चालू राहिलं. पण मला सांगायचं आहे ते बाईंना भेटलो त्या दुपारचं, शाळेतून परततानाचं. आणि त्यासाठी शांताकाकूंविषयी सांगायला हवं.

काकांची बायको पुण्याला, तिच्या माहेरी राहायची. इमारतीत सगळे म्हणत, काका विसरून आले असतील तिला कुठेतरी. मीही हसायची. पण कायमच्या जायच्या आधी काकू माझ्याशी बोलल्या होत्या, त्यामुळे मला ठाऊक होतं. काकूंचे वडील अत्यवस्थ असल्याचा फोन आला. पुण्याची गाडी गाठायची म्हणून काका रिक्षा आणायला धावले. वाटेत एक गाय गटारात पडली होती, माणसं दोर लावून तिला काढत होती. काका दोर धरून उभे राहिले. गाय निघाली. घरी आले तेव्हा गाडी सुटून गेली होती. काकू दुसऱ्या दिवशी पोचल्या तेव्हा सगळं आटोपलं होतं. वडिलांचं तोंड दिसलं नाही. त्या ओरडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. सामान न्यायला एकदाच परत आल्या, तेव्हा काकांना एवढंच म्हणाल्या, "विसरलो म्हणू नका. पर्वा नव्हती म्हणा." स्वतःविषयी त्यांनाही तेच वाटत असावं.

परतताना स्कूटरवर काकांचे डोळे उघडे होते. तरी त्यांना काही दिसत नसावं, कारण एकदाही त्यांनी कुठे बोट दाखवलं नाही. एका फोन बूथपाशी मात्र त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली.

"माधवी, थांब जरा."

मला वाटलं, झालं! पण ते सरळ बूथमध्ये शिरले. नंबर त्यांनी कुठे बघून फिरवला नाही. ज्याला स्वतःच्या घराची किल्ली सापडत नसे, त्याला पुण्याचा नंबर पाठ होता.

दार नीट लागत नव्हतं, म्हणून मला ऐकू आलं.

"शांता, मी बोलतोय... नाही, बरा आहे. ऐक. मला आज एक कळलं. मुद्दाम नव्हतं गं ते. माफ कर असं नाही म्हणत. नुसतं सांगतोय. मुद्दाम नव्हतं."

मग ते तसेच उभे राहिले, रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून. बाहेर फोनसाठी थांबलेला एक गृहस्थ कुरकुरला. मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पानाच्या गादीवर निघून गेला.

काका बाहेर आले. मी विचारू नये ते विचारलं. "काय म्हणाल्या काकू?"

"ऐकून घेतलं. मग विचारलं, जेवलात का?"

"मग तुम्ही?"

"खरं ते सांगितलं. आठवत नाही म्हणालो." काकांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसत राहिले. "हसली गं ती."