जेठापर्यंत टिकणारी थंडी

बापूराव मुकादम कुणाशीही बोलायला लागले की आधी खिशातून खडू काढत. अडतीच्या फरशीवर एक चौकोन काढत आणि विचारत, "हे खोली. आता सांगा, मशीन कोठं ठेवाव?"

ही गोष्ट वऱ्हाड मध्यप्रांतात होतं तेव्हाची. अमरावतीच्या आमच्या सेठजींनी संत्र्यांसाठी थंड खोली बांधायचं मनावर घेतलं. मुंबईहून आलेला इंग्रजी कॅटलॉग वाचून दाखवायचं काम माझ्यासारख्या कारकुनाच्या गळ्यात पडलं. खोल्या तीन तऱ्हेच्या होत्या. एकीच्या भिंतींत बर्फ आणि मीठ भरायचं. दुसरीत यंत्र खोलीच्या डोक्यावरच बसवायचं. तिसरीत यंत्र मागच्या शेडात आणि फक्त नळ्या खोलीत. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून मी फार ठासून सांगत असे.

"मशीन बाहेर अन् थंडी अंदर? रस्त्यात गरम नाई होत?"

"बापूराव, यंत्र थंडी करत नाही. आतली गरमी बाहेर नेतं."

"म्हंजे चोरी करते म्हना!" आणि मग ठरलेला प्रश्न, "संत्रा जेठापर्यंत टिकन काय?"

सेठजींना महिनाभर माल थांबला तरी पुरे होतं. बापूराव मात्र जेठाला, भर उन्हाळ्याला, धरून बसले होते. का, ते कुणालाच कळेना.

शेवटी शेडातलं यंत्र आलं. थंडी आली का बघायला बापूराव दर तासाला दार उघडत आणि आलेली थंडी घालवत. यंत्राचा मिस्त्री डोकं धरून बसे. एकदा कोपऱ्यातल्या संत्र्यांच्या एका पाटीवर मला त्यांची गोधडी दिसली.

"संत्र्याले हुडहुडी भरून राहिली," ते म्हणाले. मी पोट धरून हसलो आणि अडतभर सांगत सुटलो.

जेठात ती पाटी घेऊन ते अकोल्याला लेकीकडे निघाले. मलाही ओढलं. बडनेऱ्याहून गाडी सुटल्यावर म्हणाले, "कमळीच्या टायमाले तिच्या मायले जेठातच डोहाळे लागले. संत्रा पायजे म्हने. मी हासलो. झाडाले नाई तं कोठून आनू? कमळी झाली अन् ते गेली. तवापासून जेठ डोक्यातून जात नाई. आता कमळीले दिवस गेले, अन् तिले बी संत्राच पायजे." मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

कमळीने संत्रं सोललं. मी एक फोड तोंडात टाकली. कोरडी, आंबट, गिळवेना. तिने बाकीचं सगळं संपवलं आणि दुसरं घेतलं.

बापूरावांनी खुशीत खडू काढून तिच्या ओट्यावर चौकोन काढला आणि मशीन त्याच्या बाहेर दाखवलं.

"पन बाबा, मशीन बाहेर, तं थंडी अंदर कशी?"

बापूरावांनी चौकोन हाताने पुसला.

"मले अजून नाई समजलं, बाई. तू खाय."