एव्हर्टच्या तीस काठ्या

गुन्वोर सत्तर वर्षांची झाली, त्या सकाळी बर्फ तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला येऊन टेकला होता. आत टेबलावर सात प्रकारची बिस्किटं आणि सायीचा केक मांडून ठेवलेला. सहाच प्रकार केले तर लोक आळशी म्हणत आणि आठ केले तर मिजासखोर. त्या काळी आमच्या गावात सातच व्हायचे. अकरा वाजता पंधरा माणसं यायची होती आणि मोठ्या रस्त्यापासून घरापर्यंतच्या वाटेचा पत्ता नव्हता.

बर्फ लोटणाऱ्या गाडीला वाट कळावी म्हणून सगळे जण ऑक्टोबरातच, जमीन मऊ असताना, कडेने लाल टोकाच्या काठ्या रोवून ठेवतात. गुन्वोरचा नवरा एव्हर्ट तेव्हा शिकारीला गेला होता. काठ्यांचं तिने नोव्हेंबरात विचारलं, डिसेंबरात विचारलं आणि त्या सकाळी सहाला, फार शांतपणे, पुन्हा विचारलं.

"चाळीस वर्षं चालतोय मी या वाटेवरून," एव्हर्ट म्हणाला. "डोळे बांधलेस तरी चुकायचो नाही. सिक्स्टनची गाडी आठला येते, त्याच्या आत काठ्या उभ्या. तू कॉफीचं बघ."

जाताना त्याने अंगणातला दिवा बंद केला. उगाच जळणारे दिवे त्याला खपत नसत.

बाहेर मिट्ट काळोख, त्यात बर्फ पडतच होता. काठ्या घेऊन तो मोठ्या रस्त्यापर्यंत गेला आणि तिथून घराकडे वळून त्याने समोर पाहिलं, तर लांबवर एक दिवा मिणमिणत होता. त्या दिव्याच्या रोखाने दहा-दहा पावलांवर तो एकेक काठी रोवत गेला. बर्चच्या झाडापाशी तिसावी काठी संपली. इथून पुढे गाढवालाही कळेल, असं म्हणून तो माघारी वळला आणि सिक्स्टनची गाडी येताच ऐटीत त्याच्या शेजारी चढून बसला. सरळ चल, सरळ चल, असं सांगत त्याने गाडी थेट पायरीपर्यंत नेली.

सिक्स्टनने ब्रेक दाबला. "पायरीला हिरवा रंग कधी दिलास?"

पायरी हिल्डिंगची होती, आणि लांबून दिसलेला दिवाही.

हिल्डिंग हा शेताच्या डाव्या अंगाला राहणारा एकटा शेजारी. अकरा वर्षांपूर्वी त्याने एव्हर्टची बर्फावरून लाकडं ओढायची घसरगाडी नेली होती आणि परत आणली ती तळाची डाव्या बाजूची लोखंडी पट्टी नसलेली. पट्टी आधीपासूनच नव्हती, असं त्याचं म्हणणं. तेव्हापासून दुकानात समोरासमोर आले की दोघं वेगवेगळ्या फळ्या न्याहाळत.

"माघारी वळव," एव्हर्ट पुटपुटला.

"वळवतो, पण आता शाळेचा रस्ता. तुझं घर संध्याकाळी."

"पाहुणे अकराला आहेत रे."

"मी काठ्या बघतो एव्हर्ट, घरं नाही बघत."

तोवर दार उघडून हिल्डिंग फावडं घेऊन उभा होता. "काय पाहिजे?" अकरा वर्षांतले हे पहिले शब्द.

एव्हर्ट खाली उतरला. टोपी झटकायला त्याने बराच वेळ घेतला. "गुन्वोर आज सत्तरची झाली. म्हटलं, तुझ्याकडेच करू. तुझी बैठक मोठी आहे."

हिल्डिंगने त्याच्यामागचा कोरा, सरळ रस्ता नीट पाहून घेतला. "रस्ता मुद्दाम इकडे आणलास?"

"मग काय आपोआप आला?"

हिल्डिंगने फावडं भिंतीला टेकवलं. "कप चारच आहेत," तो म्हणाला.

साडेदहाला बर्फ थांबला. गुन्वोरने पुढच्या खोलीचा पडदा सारला, तर तिचे पाहुणे एकामागून एक हिल्डिंगच्या दारी वळत होते. तिची बहीण तर फुलं घेऊन आत शिरलीसुद्धा. गुन्वोर खिडकीत मिनिटभर उभी राहिली. मग केक आणि बिस्किटं तिने त्याच घसरगाडीवर बांधली, पायांत स्की चढवल्या आणि निघाली. पट्टी नसल्यामुळे गाडी सारखी डावीकडे ओढत होती. अकरा वर्षांत प्रथमच तिला जायचंही डावीकडेच होतं.

आत पंधरा माणसं मुरांब्याच्या बरण्यांतून कॉफी पीत होती. मन मोठं लागतं असं करायला, म्हणून पाद्रीबाबा एव्हर्टचा हात सोडायला तयार नव्हते. शाळेचा रस्ता उरकून आलेला सिक्स्टन दाराशी होता. त्याला सगळं ठाऊक होतं, पण केक कापल्यापासून त्याचं तोंड रिकामं नव्हतं. हिल्डिंगने गुन्वोरला वर्तमानपत्रात गुंडाळलेली भेट दिली. आत लोखंडी पट्टी होती.

"लाकडांच्या ढिगाखाली सापडली," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "दहा वर्षं झाली असतील."

गुन्वोर नवऱ्याच्या कानाशी वाकली. "मुद्दाम, होय?"

"डोळे बांधलेस तरी चुकायचो नाही, म्हटलं नव्हतं?"

पुढच्या ऑक्टोबरात एव्हर्ट शिकारीला गेला नाही. जमीन मऊ होती, आकाश निरभ्र होतं. दुपारी गुन्वोर बघायला बाहेर आली, तर तीसच्या तीस काठ्या नीट ओळीने शेतातून हिल्डिंगच्या बर्चकडे गेलेल्या.

"आणि आपल्या घराचं काय?"

"हिल्डिंगच्या पायरीपासून इथवर दोनशेच पावलं," एव्हर्ट तळहातांवर थुंकून नवं फावडं उचलत म्हणाला. "तिथला बर्फ मी हाताने काढणार. व्यायाम होतो."

गुन्वोर आत गेली आणि भर उन्हात तिने अंगणातला दिवा लावला. एव्हर्टने दिव्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि तो तसाच जळू दिला.