गणपतीशेजारचा उंदीर

ओमप्रकाशच्या गाडीला नवा पोचा पडला, की तो कसा पडला हे घरात आता कोणी विचारत नसे. उत्तर सगळ्यांना पाठ होतं. ओमप्रकाश कधी कुणाला धडकत नसे, जगच येऊन त्याला धडके. महादेवाजवळचा कडुनिंब धडकला होता. देवीच्या वळणावरचा किलोमीटरचा दगड धडकला होता. गावच्या वेशीतल्या विठोबासमोर तर केळ्यांची एक उभी हातगाडी, मालक बिडी पेटवत असताना, आपल्या मनाने येऊन धडकली होती. पांढरी गाडी घेऊन वर्षही झालं नव्हतं आणि तिचं नाकाड बाजार उठल्यावर उरलेल्या टमाट्यासारखं झालं होतं.

"झाड कसं धडकन, बाबा? झाड जागचं हालते का?" वर्षालीने विचारलं.

"हालत नाई. पण रस्ता वाकडा केला अन् झाड सरळच राह्यलं. त्यात माही काय चूक?"

ओमप्रकाशचं कारंज्याच्या बाजारात किराण्याचं दुकान. तराजू हातात धरला की वाटाण्याचा दाणा इकडचा तिकडे होऊ देणार नाही असा माणूस. मग गाडीचं चाक हातात असताना त्याचं चुकेल कसं, असा त्याचा स्वतःचाच स्वतःला प्रश्न होता.

वर्षालीच्या जिवाची तगमग निराळीच होती. तिला आर्वीच्या एका कॉलेजात नोकरी लागली होती. जुलैत रुजू व्हायचं. सकाळची एसटी कधी भरून येई, कधी न थांबता जाई, आणि कधी तिला यायचंच नसे. वर्षालीकडे पक्कं लायसन होतं. दारात गाडी होती. मध्ये फक्त बाप होता.

"माह्यासारख्या जुन्या हाताले लोक ठोकून राह्यले," तो म्हणे, "तुले तं उचलून नेतीन."

शेवटी एका संध्याकाळी वर्षालीने पदर खोचावा तशी ओढणी खोचली. "बाबा, मुकेशभाऊकडं गाडीतला कॅमेरा आला हाय. काचीले लावाचा. रस्त्यावर जे होते ते सारं शूटिंग करते. लोकाईची चूक दिसली तं मी निमूट एसटीनं जाईन, पुन्हा गाडीचं नाव काढनार नाई. तुमची दिसली तं चाबी माही."

"लाव," ओमप्रकाश म्हणाला. "एक नाई, दोन लाव. दुनियेले दिसू दे."

ओसरीवर वर्षालीची आई मनकर्णाबाई तूर निवडत बसली होती. तिला बोलण्यापेक्षा ओवीत सांगायची सवय. आईकडून आलेली, जातं गेलं तरी ओवी गेली नव्हती. सूप हलवता हलवता ती आपल्याशीच म्हणाली,

"पांढरी गं गाडी, निघाली धन्याची
आडवी येते तिले, सावली देवळाची."

"काय म्हनून राह्यली?" ओमप्रकाशने विचारलं.

"काई नाई. खडा निंगाला डायीत."

मुकेशचं बसस्टँडजवळ मोबाईल आणि गाडीच्या टेपचं दुकान. असला कॅमेरा त्याने स्वतःही पहिल्यांदाच पाहिला होता, पण चेहऱ्यावर तसं दिसू देणं त्याच्या धंद्यात बसत नव्हतं. त्याने रबरी वाटी थुंकी लावून समोरच्या काचेला चिकटवली, वायर सिगारेटच्या लायटरच्या भोकात खुपसली आणि म्हणाला, "झालं काका. आता मुंगी आडवी गेली तरी पुरावा राहीन."

मनकर्णाबाई आरतीचं ताट घेऊन आली. नवी वस्तू गाडीत बसली, तिची पूजा झाली पाहिजे. ओमप्रकाशनेही टोपी नीट केली. तिने हळद लावली, अक्षता वाहिल्या, आणि बोटभर कुंकू त्या यंत्राच्या बरोबर मध्ये, जिथे गोल चकचकीत काच होती तिथे, ठसठशीत लावलं.

दुसऱ्या दिवशी टीव्हीला वायर लावून पाहिलं तर कारंज्यापासून हायवेवरच्या ढाब्यापर्यंत सगळं जग लालच लाल.

"हे काय, आग लागली का गावाले?" ओमप्रकाश म्हणाला.

"काकू, तुमी त्याच्या डोळ्यातच कुंकू घातलं," मुकेश म्हणाला.

"मंग कपाळ कुठी हाय त्याचं? तूच दाखव."

मुकेशला ते दाखवता येईना. त्याने काच पुसली आणि कॅमेरा पुन्हा लावला. आता मे महिना आडवा आला. दुपारी वर्धा जिल्ह्यातलं ऊन असं, की उभ्या गाडीत हात टाकला तर भाजून निघावा. रबरी वाटी मऊ पडली, आणि ओमप्रकाश हायवेवर असताना कॅमेरा टपकन त्याच्या मांडीवर आला. त्या दिवशीच्या शूटिंगमध्ये धोतराच्या निऱ्या तेवढ्या स्पष्ट होत्या.

"वाटी नाई टिकत," मुकेश डोकं खाजवत म्हणाला. "टेपनं खालीच डॅशबोर्डवर चिकटवतो. पन जागा एकच हाय सपाट, अन् तिथी गणपती बसला. गणपती जरा बाजूले…"

"हात नोको लावू," मनकर्णाबाई म्हणाली. "केळझरच्या देवळापुढं गाडी उभी करून, नारळ फोडून बसवला तो. देव हालत नसते."

"मंग बाजूलेच लावतो. खेटून. तोंड रस्त्याकडं करून."

"देव इकडं पाहून राह्यला अन् हे त्याच्याजवळ बसून तिकडं तोंड करन? अवो, तुमीच सांगा. दुकानात गिऱ्हाईक देवाकडं पाठ करून बसलं, तं तुमी त्याले उठवता का नाई?"

ओमप्रकाश उठवत असे. दुकानातल्या फोटोकडे पाठ करून बसलेल्या एका तलाठ्यालासुद्धा त्याने उठवलं होतं. बायकोने त्याचाच कायदा त्याच्यासमोर ठेवला होता.

"गणपतीजवळ उंदीर कसा बसते?" मनकर्णाबाई पुढे म्हणाली. "देवासंगं बसते, देव पाहते तिकडंच पाहते. तसं बसवा याले."

"काकू, मंग हे रस्ता नाई पाहनार, काकाले पाहन."

"मागची काच दिसन नं?"

"ते दिसन."

ओमप्रकाशने विचार केला. धडकणारं जग नेहमी मागूनच येतं, असं त्याचं मत होतं. शिवाय आपण गाडी कशी चालवतो हे एकदा लोकांनी पाहिलं तर बिघडलं कुठे? त्याने मिशीवरून हात फिरवला. "लाव बे तसंच. माह्या गाडी चालवन्यात लपवण्यासारखं काय हाय?"

अशा रीतीने तो काळा कॅमेरा गणपतीच्या शेजारी, उंदरासारखा, आत तोंड करून बसला. त्याचा लाल दिवा टिपटिप करू लागला. वर्षालीला वाटलं, झालं. आता यात बाबांचा चेहरा दिसणार आणि रस्ता नाही. जुलैपासून एसटी.

पंधरवडा बरा गेला. मग आर्वीला एका बारशाचं जेवण करायला ओमप्रकाश आणि मनकर्णाबाई गेले. पुढच्या सीटवर गुळाची ढेप असल्यामुळे मनकर्णाबाई मागे बसली होती. संध्याकाळी गाडी घरी आली तेव्हा तिचा डावा दिवा लोंबत होता. गाडीपाठोपाठ आला हरिदास. तो शिवेजवळचा शेतकरी, बोलायला शांत आणि उठायला जड.

"भाऊ, तुमी माह्या बंडीले ठोकलं," तो ओसरीवर टेकत म्हणाला. "चाकाचे दोन आरे गेले."

"मी नाई. तुही बंडी मागं आली."

"बैल सोडलेले होते, भाऊ. गवत खाऊन राह्यलते. बंडी मागं येईन कशी?"

"उताराले लागली असन."

"तिथी चढ हाय."

"मंग चढाले लागली असन. थांब. आता तोंडी बोलनं नाई, पुरावा हाय. वर्षाली, मुकेशले बोलाव."

मुकेश आला. टीव्हीला वायर लागली. हरिदास, मनकर्णाबाई, वर्षाली सगळे पंख्याखाली बसले. ओमप्रकाश मात्र टीव्हीच्या बाजूला, साक्षीदार उभा राहतो तसा, उभा राहिला. पडद्यावर त्याचा चेहरा आला, आणि बघता बघता लाइन गेली.

लोडशेडिंगची वेळ होती. ओमप्रकाशने ती वाया घालवली नाही. हातपंख्याने वारा घेत त्याने हरिदासला आपल्या ड्रायव्हिंगचं मर्म सांगितलं. "दोन गोष्टी हायत. हात चाकावरून हालला नाई पाहिजे अन् डोळा रस्त्यावरून ढळला नाई पाहिजे. एवढं केलं की दुनिया काई करू शकत नाई." हरिदासने चहा पिता पिता मान डोलावली. वर्षालीने नखं खाल्ली. मनकर्णाबाईला अचानक वाती वळायची आठवण झाली होती.

लाइन आली. शूटिंग पहिल्यापासून सुरू झालं.

पडद्यावर ओमप्रकाश खरंच झोकात गाडी चालवत होता. मागे मनकर्णाबाई, तिच्या मागच्या काचेतून पळत जाणारा रस्ता, पऱ्हाटीसाठी नांगरून ठेवलेली काळी वावरं. "पाह्य," उभा ओमप्रकाश म्हणाला. "हात कुठी हायत ते पाह्य."

तेवढ्यात पडद्यावरच्या ओमप्रकाशच्या खांद्याशी देवीच्या देवळाचा लाल झेंडा झरकन सरकला. त्याचे दोन्ही हात चाकावरून उठले, छातीशी जुळले, डोळे मिटले, मान खाली गेली आणि ओठ पुटपुटू लागले. गाडी आपल्या मनाने चालली होती. मग डोळे उघडले, हात चाकावर आले, आणि जणू काही झालंच नव्हतं.

हरिदासने चहाचा कप खाली ठेवला.

मग महादेव आला. हात उठले, डोळे मिटले. मागच्या काचेत रस्ता डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे झोके घेऊ लागला. ओमप्रकाशने 'शंभो' म्हणून डोळे उघडले आणि वेळेवर चाक धरलं.

"हा कडुनिंबवाला महादेव न, बाबा?" वर्षालीने हळूच विचारलं.

ओमप्रकाशने टीव्हीवरची नजर काढली. कारण आता मारुतीचा पार येत होता, आणि पुढे काय होणार हे त्याला खोलीतल्या कोणाहीपेक्षा जास्त माहीत होतं. मारुती त्याचा लहानपणापासूनचा देव. मारुतीला नुसते हात जोडून त्याचं भागत नसे. पडद्यावरच्या ओमप्रकाशने हात जोडले, डोळे घट्ट मिटले, दोन्ही कान धरले, गालात हलकेच चापट्या मारून घेतल्या, पुन्हा हात जोडले, आणि 'बजरंगबली, सांभाळजो' असं म्हणेपर्यंत धाडकन आवाज आला. गुळाची ढेप खाली पडली. ओमप्रकाशने डोळे उघडले आणि पहिलं वाक्य बोलला,

"कोन बे ठोकलं?"

मुकेशने खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. हरिदासला मात्र हसू आलं नाही. तो अवघडून बसला होता. त्या मारुतीला दर शनिवारी शेंदूर लावणारा तोच होता.

"भाऊ, मले काय मालूम, तुमी माह्या मारुतीच्या पाया पडून राह्यलते," तो उठत म्हणाला. "आता मी काय बोलू. आऱ्याचं पाहतो मी सुताराकडं."

"बस," ओमप्रकाश म्हणाला. आवाज तराजूच्या पलीकडून यावा तसा होता. "आरे मी बसवून देईन. माल खराब निंगाला तं दुकानदारच परत घेते."

मग तो खाटेवर बसला. त्याच्या डोळ्यांपुढे कडुनिंब, दगड आणि केळ्यांची गाडी एकामागून एक येऊन गेली असावीत, आणि प्रत्येकाच्या शेजारी एकेक देव उभा असावा.

"बाबा," वर्षाली म्हणाली, "गाडीतून पाया पडाचं सोडून द्या नं. मनात म्हना."

"सोडू कसा?" तो म्हणाला. "इतके वर्षं झाले. देवळावरून जातो अन् हात आपोआप उठते. आता न जोडता गेलो, तं देव म्हनन, गाडी आली अन् वळख विसरला." मग कमरेची चाबी काढून त्याने पोरीसमोर धरली. "गाडीचं तू पाह्य. देवाचं मी पाहतो."

जुलैच्या पहिल्या सकाळी गाडी आर्वीकडे निघाली. नव्या नोकरीचा नारळ द्यायचा म्हणून आईबापही सोबत होते. वर्षाली चाकावर, ओमप्रकाश शेजारी, मनकर्णाबाई मागे. ओमप्रकाशचे हात आता मोकळे होते आणि त्याने त्याचा पुरेपूर फायदा घेतला. पूर्वी ज्या म्हसोबाला तो घाईत नुसती मान हलवत असे, त्यालाही आज सांगोपांग नमस्कार मिळाला. देवीच्या वळणावर त्याने आख्खी आरती म्हटली. दगड जिथल्या तिथे राहिला. कडुनिंबही रस्त्यात आला नाही.

मारुतीचा पार आला. हरिदासची बंडी कडेला उभी होती, नवे आरे उन्हात चमकत होते. ओमप्रकाशने डोळे मिटले, कान धरले. तो आता बराच वेळ परतणार नव्हता. वर्षालीने आरशातून आईकडे पाहिलं. आईचेही हात जुळलेले होते.

"आई," ती दबक्या आवाजात म्हणाली, "त्या शूटिंगमध्ये बाबाच्या मागं तू दिसत होती. तुहे बी हात जोडलेले होते. पन एक डोळा उघडा होता."

मनकर्णाबाईने आरशात पोरीकडे पाहिलं. तिचा एक डोळा आत्ताही उघडा होता.

"देवाले एक पुरते, पोरी. दुसरा संसाराले लागते."

"मंग तुले पहिल्यापासून मालूम होतं?"

"तुह्या बापाले मी सांगनार, देवाच्या पाया नोका पडू? त्यानं मलेच उतरवलं असतं गाडीतून. मी उंदीर बसवला, बाकीचं त्यानं पाह्यलं."

वर्षालीचं लक्ष गणपतीकडे गेलं. शेजारचा काळा उंदीर लाल दिवा मिचकावत बसला होता. आईचा उघडा डोळा पाहत. ओमप्रकाश गालात मारून घेत होता, म्हणजे नमस्कार संपत आला होता.

मनकर्णाबाईने लगबगीने नारळाच्या पिशवीतली पुडी सोडली, मागून पुढे वाकली, आणि बोटभर कुंकू बरोबर त्या चकचकीत काचेवर ठसठशीत लावलं.