डॅशबोर्ड अजून ओला आहे

हे लिहिणार नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा उडवलं. गाडीच्या डॅशबोर्डवर माणूस लिहून लिहून किती लिहिणार? पण ढापण्या म्हणाला, "तू लिही, नाहीतर मी लिहीन, आणि माझ्या लिहिण्यात तू आणखी येडा दिसशील." म्हणून लिहितोय.

ढापण्या म्हणजे माझा मित्र. चौथीत चष्मा लागला, त्याच दिवशी नाव पडलं. खरं नाव फक्त त्याच्या आईला आणि पासपोर्टला माहीत आहे.

माझी गाडी जुनी. आतलं सगळं प्लॅस्टिक उन्हाने काळ्याचं राखाडी झालेलं, दारांच्या आतलं रेक्झिन पांढुरकं. ढापण्या म्हणायचा, "तुझ्या गाडीत बसलं की आजारी हत्तीच्या पोटात बसल्यासारखं वाटतं." तरी दर रविवारी बसायचा. आम्ही कुठेही न जाता फिरायचो. माझ्या ड्रायव्हिंगवर त्याचा काडीचा विश्वास नाही. मी ब्रेक मारला की याचे दोन्ही पंजे डॅशबोर्डवर. थाप्पकन. गाडी ताशी दहाने चाललेली असली तरी.

दोन वर्षांपूर्वी त्याला दुसऱ्या शहरात नोकरी लागली. तो गेला, रविवार राहिला.

मग मी पॉलिशची बाटली आणली. दर रविवारी सकाळी पार्किंगमध्ये उतरायचो, डॅशबोर्ड चोळायचो. मस्त चमकायचा. मग आत बसायचो. जायचं कुठेच नसायचं. बाटली शेजारच्या सीटवर. तिला बेल्ट नाही लावायचो, एवढं डोकं शाबूत होतं.

गेल्या आठवड्यात त्याचा फोन. "चार वर्षांसाठी परदेशी चाललोय. रविवारी रात्री घरी येतो, सोमवारी दुपारचं विमान. एअरपोर्टला तूच सोड. टॅक्सीत आईला रडायला लाज वाटेल."

"सोडतो की," म्हणालो. फोन ठेवला आणि ठरवलं, या वेळी त्याला आजारी हत्तीत बसवायचं नाही. आतून सगळं काळंभोर करायचं. चार वर्षं लक्षात राहायला पाहिजे.

रंगवाल्याकडे गेलो. त्याने डॉक्टरसारखे प्रश्न विचारले.

"प्लॅस्टिक की रेक्झिन?"

"दोन्ही."

"पॉलिश-बिलिश मारलंयस कधी?"

इथे खरं सांगायला हवं होतं. पण मी "दर रविवारी" म्हणणार, तो "का रे बाबा?" म्हणणार, आणि माझ्यामागे तीन गिऱ्हाइकं उभी. त्यांच्यासमोर काय सांगू?

"छे," मी म्हणालो.

"मग साबणाच्या पाण्याने पूस आणि मार. पॉलिश असतं तर आधी हे लागलं असतं." त्याने काउंटरवरच्या एका निळ्या डब्यावर टिचकी मारली. "पॉलिश मुरलं की रंग बसत नाही. नुसता तरंगतो, वाळायचं नाव घेत नाही. असेल तर सांग, न्यायचाय का?"

मी डब्याकडे बघितलं. डब्याने माझ्याकडे बघितलं.

"नको."

शनिवारी काचांना कागद लावले, मीटरला चिकटपट्टी लावली, मास्क बांधला आणि स्प्रे मारला. पहिला थर डोळ्यांदेखत आकसला. तेलकट तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा. जागोजाग गोल गोल भोकं. डॅशबोर्डला गोवर आल्यासारखं दिसत होतं. रंगवाला म्हणाला होता, थर पातळ ठेव. पण गोवर झाकायचा तर पातळ थराने कसा झाकणार? दुसरा जाड मारला. तिसरा त्याहून. मग दारांचं रेक्झिन. तोवर चिकटपट्टी संपली, म्हणून काचा वरखाली करायची बटणं तशीच रंगली. हवा येते त्या जाळ्याही.

रविवारी संध्याकाळी बोट लावून बघितलं. बोट चिकटलं. ओढलं तर च्युइंगमसारखी तार आली.

धावत शेजारच्या ताईंकडे. "ताई, हेअर ड्रायर द्या ना जरा."

त्यांनी माझ्या डोक्याकडे बघितलं. तिथे त्या मशीनला फारसं काम नाही. "तुला?"

"गाडीला."

"गाडीला केस आहेत?"

दीड तास वारा घातला. डॅशबोर्ड गरम झाला आणि आणखी मऊ पडला. पण लांबून बघाल तर एक नंबर. काळाभोर. मी ठरवलं, लांबूनच दाखवू.

सोमवारी सकाळी ढापण्या खाली उतरला. मागून काकू, म्हणजे त्याची आई. काकू मागे बसल्या, ढापण्या पुढे. पांढरा शर्ट घालून आला होता. पांढराच सुचायचा होता.

"आईशप्पथ!" तो म्हणाला. "नवीन गाडी घेतलीस?"

मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. "तीच आहे रे. फक्त कशाला हात लावू नकोस."

"कशालाच?"

"कशालाच."

"मग दार कसं लावू? विनंती करू?"

"कसला रे वास येतोय?" काकू मागून म्हणाल्या.

"नव्या गाडीचा, काकू."

"ही गाडी माझ्या गुडघ्यांपेक्षा जुनी आहे. काच उघड बघू."

काच उघडेना. बटण वाळलं नव्हतं, पण जाम मात्र झालं होतं. एसी लावला तर बंद जाळ्यांमागे हवा नुसती घोंघावत राहिली. काकूंनी पदर नाकाला लावला. ढापण्या दोन्ही हात मांडीवर ठेवून, शाळेत फोटोला बसतात तसा बसला. मी विषय बदलायला म्हणालो, "तिकडे थंडी असेल ना?" आणि नेमका तेव्हाच एक स्कूटरवाला हात न दाखवता आडवा आला.

मी ब्रेक मारला.

थाप्पकन.

ढापण्याने हात उचलायला बघितले, उचलेनात. मग चर्रर्र आवाज झाला आणि उचलले गेले. डॅशबोर्डवर दोन पंजे उमटले होते. दहाही बोटं, आणि अंगठ्याजवळची लहानपणीची खूण. त्याच्या हातांवर डॅशबोर्ड होता.

"ओला आहे म्हणून सांगायचंस ना!"

"हात लावू नकोस म्हणालो होतो की."

काकूंनी टिश्यू दिले. टिश्यू चिकटले. आता हात काळे आणि वर पांढरी लव. एअरपोर्टच्या दारात तो आईला मिठी मारताना हात दोन्ही बाजूंना पसरून उभा राहिला. मलाही तशीच. मग कोपराने बॅग ढकलत आत गेला.

आम्ही बाहेर बाकावर थांबलो. अर्ध्या तासाने फोन.

"पासपोर्ट तपासतात तिथलं मशीन म्हणतंय, मला बोटांचे ठसेच नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे रेषांत तुझा रंग भरलाय. साहेब विचारतात, कशासाठी ठसे पुसलेत? मी म्हटलं, मित्राने डॅशबोर्ड रंगवला. ते म्हणाले, बाजूला बसा. आणि ऐक, हा फोन मी नाकाने लावलाय. परत लावायला लावू नकोस."

फोन बंद.

आता खरं लिहितो. तेव्हा माझ्या मनात आलं, चुकलं विमान तर चुकू दे. लगेच लाज वाटली. तेवढ्यात काकूंनी विचारलं, "परत पाठवतील का रे त्याला?" आवाजात काळजी होती. पण नुसती काळजी नव्हती.

"पाठवतील बहुतेक," मी म्हणालो.

मग आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता बसून राहिलो. काकूंनी पर्समधून बिस्किटं काढली. एक मला, एक त्यांना, आणि तिसरं पुड्यात जपून ठेवलं. तो अर्धा तास फार बरा गेला.

परत फोन. "सुटलो! इथल्या एका ऑफिसरबाईंनी ड्रॉवरमधून नेलपॉलिश रिमूव्हर काढला. दहाही बोटं पुसून दिली. म्हणाल्या, मित्र बदला."

"बरं झालं," काकू म्हणाल्या.

"बरं झालं," मीही म्हणालो. दोघंही जरा जास्तच जोरात म्हणालो.

परत येताना काकूंना मागचं दार नीट लागेना, म्हणून त्या पुढे बसल्या. मी तंद्रीत होतो, सिग्नल लाल झालेला उशिरा दिसला.

ब्रेक.

थाप्पकन.

ही खोड घराण्यातूनच आलेली आहे, हे मला तेव्हा कळलं. काकूंचे लहानसे पंजे बरोब्बर त्याच्या पंज्यांत बसले होते.

"काकू, सॉरी, हात..."

"राहू दे," त्या म्हणाल्या. "घट्ट बसलेत." काढायची घाई काही दिसली नाही. सिग्नल हिरवा झाला. मागचे हॉर्न मारायला लागले. मी गाडी हळूच कडेला घेतली.

तेवढ्यात ढापण्याचा फोन, या वेळी बोटाने लावलेला. स्पीकरवर टाकला. "विमानात चढतोय. आई कुठाय?"

"तुझ्या हातांवर हात ठेवून बसलीय," मी म्हणालो, आणि काकूंना जे हसू फुटलं, ते मध्येच रडू झालं आणि परत हसू झालं.

मग त्याने विचारलं, "पण दोन दिवसांत रंग वाळला कसा नाही?"

मग सांगितलं. पॉलिश, रविवार, बाटली, निळा डबा, सगळं.

"दोन वर्षं? दर रविवारी? अरे गाढवा, फोन करायचास ना!"

"तू बिझी असशील म्हटलं."

"बिझी? मी रविवारी शर्ट धुवायचो. झाले की तेच परत धुवायचो."

मागून कुणीतरी त्याला पुढे सरका म्हणालं.

"ऐक," तो घाईने म्हणाला. "ती बाटली फेकून दे. आणि रविवारी आईला फिरव. कुठेही न जाता. जमेल?"

मी काकूंकडे बघितलं. त्यांचे हात अजून तिथेच होते.

"शब्द देतो," मी म्हणालो. "दर रविवारी. आणि ब्रेक सांगून मारीन."